आरशातली पांढरी गाडी

“विश्वास बसणार नाही कुणाचा, हे आधीच सांगून ठेवतो. आणि बसलाच, तर माझं सांगण्यात काहीतरी चुकलं असं समजा,” मी म्हणालो आणि पाय वर घेऊन खुर्चीत नीट बसलो.

समोर भाची आणि भाचेजावई. पुढच्या बुधवारी दोघं परदेशी निघालेली. त्यांना तिकडे पवनचक्क्यांच्या दुरुस्तीचं काम मिळालं होतं, आणि पवनचक्क्या काही कुणी शहराच्या चौकात उभ्या करत नाही. एका गावाहून दुसऱ्या गावी जायचं तर तीन-तीनशे किलोमीटर गाडी हाकायची, मध्ये घर ना दार. तसल्या रस्त्यावर गाडी चालवून जिवंत परत आलेला माणूस त्यांच्या माहितीत एकच होता. म्हणून भाचेजावई वही घेऊन आले होते. शाळकरी, रेघांची. पहिल्या पानावर ‘मामांच्या सूचना’ असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. एवढा मान मला एकतीस वर्षांत डेपोनंही दिला नव्हता.

खिडकीपाशी शेजारचे घड्याळजी बसले होते. दुकान विकून सहा वर्षं झाली, तरी हा गृहस्थ मनगटावर दोन घड्याळं बांधतो. एक वेळ बघायला आणि दुसरं पहिल्यावर लक्ष ठेवायला. आणि दाराशी, जमिनीवर पाट घेऊन, ही. म्हणजे आमची सौभाग्यवती. पुढ्यात मटारच्या शेंगांचा ढीग. माझी ही गोष्ट ही अकरा वर्षं ऐकत आली आहे आणि एकदाही मध्ये बोललेली नाही. असा श्रोता मिळायला पूर्वपुण्याई लागते.

“मामा, गोष्ट नको. सूचना सांगा नुसत्या,” भाची म्हणाली. “यांना लिहून घ्यायचंय.”

“गोष्टीशिवाय सूचना म्हणजे गाडीशिवाय ब्रेक. दाबून उपयोग काय?”

“मागच्या खेपेला गोष्ट साडेतीन तास चालली होती,” घड्याळजी खिडकीबाहेर बघत म्हणाले. “प्रवास पाच तासांचा होता.”

मी तिकडे दुर्लक्ष केलं.

माझी पात्रता आधी सांगायला हवी. एकतीस वर्षं बस चालवली, घाटातली, कच्च्या रस्त्याची, पुरातली. एकही अपघात नाही. एकदा एक कोंबडी चाकाखाली आली होती, पण ती आधीच मेलेली होती, असा पंचनामा आहे. निवृत्त झालो तेव्हा मॅनेजरनं तसं लिहून, चौकटीत घालून दिलं. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी आमच्या लेकीचं पहिलं बाळंतपण आलं. ती तिकडे, नवऱ्याबरोबर, एका आडगावी. तारखेला दोन आठवडे होते म्हणून आम्ही निवांत निघालो, आणि विमानातून उतरलो तर निरोप थांबलेला: बाळ आडवं आलंय, आज चार वाजता ऑपरेशन. जावई लेकीला सोडून येऊ शकत नव्हते. त्यांचा एक दोस्त त्यांची गाडी घेऊन विमानतळावर आला होता. तो म्हणाला, उद्या सकाळी बस आहे, तिनं जा.

“मी त्याला म्हटलं, बाबा रे, बसची वाट कशाला बघू, मीच बस आहे. आण ती किल्ली.”

“परवाना?” भाचेजावयांनी विचारलं.

“तो इथूनच काढून नेला होता. हे लिहा. परवाना इथून काढून न्यायचा.”

त्यांनी लिहिलं.

हिचं एकच म्हणणं होतं. लेकीला टेबलावर घेण्याआधी तिला आईचं तोंड दिसायला हवं. बाकी काही नाही. नऊ वाजता निघालो. चारशे तीस किलोमीटर. हातात सात तास.

“आता दुसरी सूचना. तिकडे रस्त्याची आपली बाजू आपली नसते. एकतीस वर्षं ज्या बाजूला समोरचा येतो, त्या बाजूला आपण. पहिला तासभर मी मंत्र म्हणावा तसा पुटपुटत होतो, ‘तिकडून नाही, इकडून. तिकडून नाही, इकडून.’ वळायच्या दिव्याची दांडीही उलट्या हाताला. वळायला गेलो की वायपर सुरू. कोरडं खणखणीत ऊन आणि आम्ही काच पुसत चाललोय. समोरच्यांना वाटलं असेल, पाहुणे रडताहेत.”

भाची हसली. “मग काय लिहायचं?”

“लिहा, मोठ्या रस्त्याला लागण्याआधी मोकळ्या मैदानात अर्धा तास गाडी फिरवा. वळणं घ्या. हात सुधारू द्या. विशेषतः पंपावरून किंवा जेवून परत रस्त्यावर येताना जुनी सवय डोकं वर काढते. तेव्हा थांबायचं, मोठ्यानं म्हणायचं, मग निघायचं.”

हे मी खरं सांगितलं. माझ्या सगळ्याच गोष्टी खोट्या असतात असं घड्याळजी म्हणतात, ते बरोबर नाही. खोट्याला उभं राहायला खऱ्याचेच पाय लागतात.

मग मी त्यांना रस्त्यावर नेलं. रस्ता इतका सरळ, की सकाळी समोर दिसलेलं झाड जेवणाच्या वेळेला हाताशी आलं. स्टिअरिंग दोरीनं बांधून मी दाढी केली, अशी एक ओळ मी पूर्वी टाकत असे. या वेळी भाचेजावई लिहून घेतील या भीतीनं गाळली. पण तो ट्रक मात्र सांगितला. एका इंजिनाला चार डबे. आगगाडी रूळ सोडून पळाली की काय असं वाटावं. “त्याला मागं टाकायला लागलो तेव्हा ऊन माझ्या डाव्या कानावर होतं, त्याचं नाक दिसलं तेव्हा उजव्या.”

“म्हणजे किती मिनिटं?” घड्याळजींनी विचारलं.

“तुमच्या कुठल्या घड्याळानुसार?”

“मामा, सूचना,” भाची म्हणाली.

“समोरचा एक किलोमीटर स्वच्छ दिसल्याशिवाय तसल्या ट्रकला ओलांडायचं नाही. तो समोरून आला तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचं. त्याचा वारा आधी ढकलतो, मग ओढतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं. तिथं डांबराच्या कडेला खडी असते, सैल. चाक खडीवर उतरलं तर घाबरून ओढायचं नाही. पाय सोडायचा, गाडी आपोआप मंदावू द्यायची, मग हळूच वर घ्यायची. ओढलं की पालथी.”

भाचेजावयांनी ‘ओढायचं नाही’ खाली रेघ मारली. मुलगा मन लावून लिहीत होता. मला आवडला.

“जनावर आडवं आलं तर?”

“ब्रेक सरळ दाबायचा. वळवायचं नाही. मला एक बैल भेटला होता. रस्त्याच्या मध्यभागी उभा. मी थांबलो. त्यानं माझ्याकडे बघितलं, शेपटी डावीकडे केली आणि डावीकडे गेला. आपल्याकडचे रिक्षावाले एवढं करत नाहीत.”

“दर दोन तासांनी उतरायचं,” ही एकदम म्हणाली. मान वर न करता. “गाडीभोवती दोन फेऱ्या मारायच्या. सरळ रस्त्यावर डोळा लागतो, कळतही नाही.”

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती बोलली होती. मला थोडं बरं वाटलं आणि थोडं नाही वाटलं.

“बरोबर,” मी म्हणालो. “लिहा ते.”

आणि मग मी बोटांवर आलो. ही गोष्टीतली माझी आवडती जागा आहे, कारण इथून संशयाला सुरुवात होते.

तास-दीड तास झाला असेल. समोरून एक गाडी आली. चालवणाऱ्यानं स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. एकच, इतकुसं. मी म्हटलं, माशी बसली असेल. दहा मिनिटांनी दुसरी गाडी. त्यानंही बोट उचललं. तिसरी एक म्हातारी होती, तिनंही. आता तिघांच्याही बोटांवर माशी बसते, असा देश मी पाहिलेला नाही. मी हिला म्हटलं, हे काय आहे? ही म्हणाली, नमस्कार करत असतील. मी म्हटलं, ओळख ना पाळख, नमस्कार कसला? बस चालवताना मी हजारो लोकांना तोंड दिलं आहे. फुकटचा नमस्कार करणारा माणूस पुढच्या थांब्यावर सुट्टे पैसे नाहीत म्हणतो.

“मग काय होतं ते?” भाचेजावयांनी पेन थांबवून विचारलं.

“खूण. एक बोट म्हणजे, येतेय एक गाडी. पुढच्याला कळवायचं. आणि पुढे एकानं दोन बोटं उचलली, तेव्हा माझी खात्रीच झाली. दोन म्हातारे. किंवा दोन मोठ्या बॅगा. दोन्ही खरंच होतं.”

“त्यांना बॅगा कशा दिसल्या?” घड्याळजी.

“टपावर बांधल्या होत्या.”

“मागच्या खेपेला डिकीत होत्या.”

“मागच्या खेपेला तुम्ही झोपला होतात.”

बारा वाजता पंप आला. अख्ख्या रस्त्यात तेवढा एकच. दोन यंत्रं, एक पत्र्याची शेड, आत छोटं दुकान. टाकी भरून घेतली. आत गेलो तर काउंटरमागे एक बाई, पुरुषी शर्ट घातलेली, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. आणि तिच्या मागे भिंतीवर फळा. शाळेत असतो तसा, काळा. त्यावर खडूनं गाड्यांचे नंबर लिहिलेले, पुढे गावांची नावं, त्यापुढे वेळ.

माझी त्यांची भाषा म्हणजे तीस शब्द, त्यातले वीस इंजिनाचे. पण तिनं खुणा करून विचारलं तेवढं कळलं. कुठं चाललात, कुठल्या रस्त्यानं, किती वाजता पोचाल. हातात खडू घेऊनच विचारत होती. आणि एका नंबरापुढे बघून तिनं फोन उचलला, दोन शब्द बोलली, ठेवला.

“आता सांगा,” मी भाचेजावयांना म्हटलं, “पेट्रोल विकणाऱ्या बाईला मी कुठं चाललो आणि कधी पोचणार याच्याशी काय देणंघेणं? मी आपल्या पंपावर कधी सांगतो का? फोन कुणाला केला? बाहेर तिचा नवरा. डोक्यावर टोपी, पांढऱ्या पिकअपला टेकून उभा. आणि माझ्या गाडीच्या टायरांकडे बघतोय. एक-एक करून चारही. कुणाच्याही टायरकडे माणूस असा का बघेल? किती लांब पळतील, याचाच अंदाज घ्यायला.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“भलतंच. फळ्यावर वाचून एका दुसऱ्याच गावाचं नाव सांगितलं, उलट्या दिशेचं. आणि गाडीत किती माणसं, तर सहा. दोन पैलवान आहेत, मागे झोपलेत.”

“पैलवानाला त्यांच्या भाषेत काय म्हणतात?” घड्याळजी.

“दंड फुगवून दाखवला.”

भाची पोट धरून हसायला लागली. भाचेजावईही हसले, पण लिहिणं सोडलं नाही. मटारचे दाणे वाडग्यात पडण्याचा आवाज थांबला होता, हे माझ्या लक्षात आलं. मी जरा घाईनं पुढे निघालो.

“ही मला म्हणाली, बरं केलंत. बाहेर आलो, गाडीत बसलो आणि निघालो. ही मागे, आडवी. हिला गाडी लागते, त्यामुळे मागच्या सीटवर आडवं पडूनच हिचा प्रवास. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. आरशात बघतो, तर पांढरा ठिपका. ठिपक्याचा खोका झाला. खोक्याची पिकअप झाली. तोच. टोपीवाला.”

इथं मी नेहमी थोडं थांबतो. पाणी पितो. या वेळीही प्यालो.

“दिवे मारतोय. लावतोय, विझवतोय. लावतोय, विझवतोय. हॉर्न. आणि एक हात खिडकीतून बाहेर काढून वरखाली करतोय, थांब, थांब. आता मला सांगा, मोकळ्या माळावर, मैल-मैल माणूस नाही, अशा जागी अनोळखी माणूस थांब म्हणाला तर शहाणा माणूस काय करेल?”

“थांबणार नाही,” भाचेजावई म्हणाले.

“मी पाय दाबला. शंभर. एकशेवीस. तोही वाढला. एकशेतीस. ही मागून म्हणते, वाढवा, अहो वाढवा, लेक वाट बघतेय.”

“मामी असं म्हणाली?” भाचीनं हिच्याकडे बघितलं.

ही एका शेंगेकडे बघत होती. उघडून. आत किडलेलं असावं असं.

“म्हणाली म्हणजे? मागून माझा खांदा दाबत होती,” मी म्हणालो. “एकशेचाळीस. एकतीस वर्षांत मी काटा तिथं पाहिला नव्हता. तेवढ्यात समोरून तसलाच चार डब्यांचा ट्रक. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. त्याचा वारा आला, ढकललं, ओढलं, गेला. आरशात बघतो, तर धूळ. नुसती धुळीची भिंत. धूळ खाली बसली, तर रस्ता रिकामा. टोपीवाला नाही, पिकअप नाही. घेतली माघार. त्याला कळलं, इथं आपली डाळ शिजत नाही.”

घड्याळजी पुढे सरकून बसले. नेहमी इथं लोक हुश्श करतात.

“डांबरी रस्ता होता ना?” घड्याळजींनी विचारलं.

“होता की.”

“मग धूळ कसली?”

“कडेची. वळला असेल परत जायला. चाकं कडेला उतरली असतील.”

“एकशेचाळीसच्या वेगात वळला?”

“घड्याळजी, तुम्ही आयुष्यात सायकल चालवलीत का कधी?”

“नाही,” ते शांतपणे म्हणाले. “मी फक्त काटे बघितले. बाराला पंपावर होतात. पंपापासून लेकीचं गाव दीडेकशे किलोमीटर. त्या वेगानं तुम्ही दोनच्या आत पोचलात. ऑपरेशन चारला. म्हणजे मायलेकींना दोन तास मिळाले. मग मागं तुमची लेक आली होती तेव्हा ती असं का म्हणाली, की मला आत नेलं तेव्हा फक्त बाबा होते?”

मी हसलो. हसण्यात थोडा वेळ काढता येतो. “गुंगीचं इंजेक्शन दिलेलं माणूस काय बघतं आणि काय सांगतं.”

भाचेजावयांचं या वादाकडे लक्ष नव्हतं. त्यांनी पान उलटलं होतं आणि खाली मान घालून मोठ्यानं बोलत लिहीत होते, शाळेतली मुलं लिहितात तसं.

“पंपावर कुणी विचारलं, तर कुठं चाललो ते खरं सांगायचं नाही. मागून कुणी दिवे मारले, हात केला, तर थांबायचं नाही. वेग वाढवायचा.” मग ते भाचीकडे वळले. “हे तुझ्यासाठीपण आहे. मी साइटवर असेन, कधी तुला एकटीला गाडी न्यावी लागेल. कुणीही असो. काहीही झालं तरी थांबायचं नाही. कळलं ना?”

“कळलं,” भाची म्हणाली. तिचं हसू गेलं होतं.

“जावईबापू,” ही म्हणाली, “ते खोडा.”

“काय मामी?”

“शेवटच्या दोन ओळी लिहिल्यात ना, त्या खोडा. वरचं सगळं राहू द्या. खडीचं बरोबर आहे, जनावराचं बरोबर आहे.”

“अगं, गोष्ट आहे ती,” मी म्हणालो.

“गोष्ट असू द्या की. मी कधी अडवलं तुम्हाला? लोक हसत होते, मीही बसत होते. पण हे लिहून घेतायत.” तिनं वाडगं बाजूला सरकवलं. हात पदराला पुसले. “मी त्या गाडीत नव्हते.”

भाचीनं माझ्याकडे बघितलं. मी पाण्याच्या तांब्याकडे बघितलं.

“यांनी त्या बाईला खोटं गाव सांगितलं, तिथंच आमचं वाजलं. मी म्हटलं, बिचारी आपुलकीनं विचारतेय. हे म्हणाले, तुला काय कळतंय. अबोला धरला. हे बाहेर गेले टायर बघायला, आणि मला काही चैन पडेना. माझ्याकडे लेकीचा पत्ता लिहिलेला कागद होता. तो घेऊन मी परत आत गेले, तिला दाखवायला, की बाई गं, आम्ही इकडे नाही, इकडे चाललोय. तिनं फळ्यावरचं पुसून नीट लिहिलं. बाहेर आले तर गाडी नाही.”

“मामांना कळलं नाही?” भाचीनं विचारलं.

“मागच्या सीटवर माझी शाल पडली होती, उशीवर. यांना वाटलं मी तोंडावर घेऊन निजलेय. एरवी हाक मारली असती. अबोला होता ना.”

घड्याळजींनी दोन्ही घड्याळांवर दुसऱ्या हाताचा पंजा ठेवला होता.

“तिच्या नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि मी बसायचीही वाट न बघता पिकअप काढली. सांगायला, की तुमचं माणूस मागं राहिलंय. एवढंच सांगायला चालला होता तो.”

“मग ती धूळ...” घड्याळजी म्हणाले.

“ट्रकला वाट द्यायला गेला, चाक खडीवर उतरलं. गाडी तीनदा पालथी झाली म्हणे.” ती माझ्याकडे न बघता बोलत होती, त्यात राग नव्हता. “वाचला तो. पण कमरेखालचं गेलं. पुढे वर्षभरात पंप बंद केला त्यांनी. लेकीनं कळवलं होतं. तिकडे पंपावर सगळ्यांचंच लिहून घेतात, जावईबापू. वेळेत पोचला नाही, तर शोधायला माणूस निघतो. आणि ते बोट म्हणजे नमस्कारच. मी तेव्हाही सांगितलं होतं.”

“तुम्ही कशा पोचलात मग?” भाचेजावयांनी विचारलं. पेन त्यांनी वहीवर आडवं ठेवलं होतं.

“दोन वाजता फोन आला. आम्ही दोघी आत बसलो होतो. मला तिची भाषा येत नाही, तिला माझी. तिनं ऐकून घेतलं, फोन ठेवला. अँब्युलन्स त्याला लेकीच्याच गावच्या दवाखान्यात नेत होती. तेवढ्या भागात तो एकच दवाखाना. तिनं माझ्या कागदावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं. दुकानाला कुलूप लावलं. मला हाताला धरून शेडमागच्या गाडीत पुढे बसवलं. मला तो पट्टा लावता येईना. लेकीला चारला आत नेणार, एवढंच डोक्यात. ती उतरली, फिरून माझ्या बाजूला आली, पट्टा लावला, ओढून बघितला. मग आपल्या जागी गेली.”

तिनं वाडगं पुन्हा पुढ्यात ओढलं. बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती.

“वाटेत ती पिकअप दिसली, कडेला, चाकं वर. तिनं बघितलं. पुढे गेली. मी सारखी काट्याकडे बघत होते. मला वाटत होतं हिला सांगावं, बाई, जरा जोरात घे गं, माझी लेक आहे तिथं. तिचाही नवराच होता की तिथं. पण दोन तास तो काटा ऐंशीच्या पुढे गेला नाही. सव्वाचारला पोचलो आम्ही.”